जुन्या सामानात पिस्तूल सापडलं तर: ओळख, पात्रता आणि कागदपत्रं

सेकंडहँड कपाटाच्या खणात, ट्रंकेच्या तळाशी, लिलावात एकगठ्ठा घेतलेल्या सामानात कधीतरी एखादं विचित्र पिस्तूल निघतं. नळी बोटाएवढी, मुठीचा पत्ता नाही, चापही दिसत नाही. अशा वेळी हात आधी घोड्याकडे जातो. कृपा करून घोडा ओढून बघू नका. ठासणीच्या पिस्तुलात दारू-गोळी भरून ते तसंच ठेवून दिलेलं असू शकतं, आणि काळी दारू कोरडी राहिली असेल तर शंभर वर्षांनीही पेट घेते. वर गंज चढलाय म्हणून आतून निकामी झालंय, असं कधीच धरून चालू नये.

ते आहे तिथेच राहू द्या, मुलांना लांब ठेवा आणि पोलिसांना फोन करा. स्वतः पिशवीत घालून ठाण्यात नेऊ नका. अनेक देशांत शस्त्र बाळगणं आणि ते घेऊन फिरणं या दोन्हींसाठी परवानगी लागते, त्यामुळे चांगल्या मनाने नेणारा माणूसही वाटेत अडचणीत येतो. फोनवर सांगायचं ते एवढंच: काय सापडलं, कुठे सापडलं, हात लावलाय की नाही, भरलेलं असण्याची शंका आहे का. तोवर न हलवता दिसेल तेवढ्याचे फोटो काढून ठेवा.

पोलिसांनी ते ताब्यात घेतलं तर पोच घेतल्याशिवाय राहू नका. पोचपावतीवर नुसतं ‘एक जुने पिस्तूल’ नको, लांबी, खुणा आणि क्रमांक यांचा उल्लेख हवा. त्याच वेळी लेखी द्या की तुम्ही मालकी हक्क सोडत नसून शस्त्राची ओळख पटवून मागत आहात. स्वेच्छेने जमा केलेली शस्त्रं पुष्कळदा नष्ट केली जातात. दीडशे वर्षं टिकलेली वस्तू एका न लिहिलेल्या ओळीपायी भट्टीत जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

ओळख कशी पटते

शस्त्र ठेवायच्या अर्जात सहसा प्रकार, बनवणारा, काडतुसाचं माप, क्रमांक आणि अंदाजे काळ विचारतात. जाणकाराने शस्त्र रिकामं असल्याची खात्री केल्यावरच हे तपासायचं.

रूप विचित्र असलं तरी त्याला बहुधा नाव असतं. चापट गोल डबीतून नळी बाहेर आलेली आणि तळहातात दाबून उडवायचं असेल, तर ते १८८२ मध्ये फ्रान्समध्ये जॅक तुर्बियो याने पेटंट घेतलेल्या धाटणीचं असू शकतं. चाप दुमडून खाली बसतो असं छोटं रिव्हॉल्व्हर म्हणजे बहुधा ‘वेलोडॉग’. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकलस्वार अंगावर येणाऱ्या कुत्र्यांसाठी ते जवळ बाळगत. फिरत्या चक्राच्या मागच्या कडेला प्रत्येक भोकाजवळ बारीक खाच असेल, तर काडतुसाच्या बाजूला खिळा असलेली पिनफायर पद्धत समजावी. ती लफोशे या फ्रेंच बंदूककाराची, १८३५ ची. चकमकीचा दगड धरणारा जबडा किंवा ठिणगी पाडणारी स्फोटक टोपी बसवायची चिमुकली नळी दिसली तर काम आणखी सोपं.

पण खरी साक्ष परीक्षेच्या शिक्क्यांची. नळी जास्त दाबाची दारू भरून तपासायची आणि टिकली तर त्यावर ठसा उमटवायचा, ही युरोपातल्या शस्त्रपरीक्षा केंद्रांची जुनी रीत. बर्मिंगहॅमचं केंद्र १८१३ पासून आहे. बेल्जियममधल्या लिएजचा ठसा सर्वांत जास्त भेटतो: लंबगोलात ई, एल, जी ही रोमन अक्षरं. या लंबगोलावर मुकुट आला तो १८९३ मध्ये. म्हणजे मुकुट नसलेला ठसा असेल तर परीक्षा त्याआधीची, आणि हा फरक पुढे ‘पुरातन की नाही’ हा निकाल फिरवू शकतो. म्हणूनच पॉलिश, सँडपेपर, गंज काढायचं रसायन यांपैकी काहीही लावू नका. ठसा घासला गेला की तुमचा सर्वांत भक्कम पुरावा गेला.

ठेवता कोणाला येतं

‘दिसायला जुनं’ हा निकष कुठेच पुरेसा नाही. बनवल्याचं साल, उडण्याची पद्धत आणि काडतूस आजही मिळतं का, यांवर ठरतं.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये कालबाह्य धाटणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा नादुरुस्त शस्त्राला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही वापरता येणार नाही, अशी अट आहे. शस्त्र नियमांतल्या २०२० च्या दुरुस्तीने ‘क्युरिओ’ (कुतूहलाची वस्तू) गटातली छोटी शस्त्रं भारतीय नागरिकांना परवान्याविना बाळगता येतात. वापरायला किंवा नेआण करायला मात्र परवाना लागतोच. गट कोणता, हे आपण घरी बसून ठरवायचं नाही.

ब्रिटनमध्ये २२ मार्च २०२१ पासून पुरातन कशाला म्हणायचं याचे नियम स्पष्ट झाले: १ सप्टेंबर १९३९ पूर्वीची बनावट, सरकारी यादीतली पद्धत किंवा काडतूस, आणि केवळ शोभेची अथवा कुतूहलाची वस्तू म्हणून बाळगणं. तीन वर्षं किंवा अधिक कैदेची शिक्षा झालेल्याला पुरातन शस्त्रही ठेवता येत नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यात रेषा १८९८ ची आहे. त्यानंतरचं, पेन किंवा काठीत दडवलेलं शस्त्र १९३४ च्या कायद्याखाली येतं, आणि ते नोंदलेलं नसेल तर सापडणाऱ्याला नंतर नोंदवता येत नाही. राज्यांचे नियम त्याहून कडक असू शकतात.

अर्जासोबत काय जोडायचं

ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा सगळेच मागतात. महत्त्वाचे कागद त्यापुढचे. सामान विकत घेतल्याची पावती किंवा लिलावाचं बिल. ते नसेल तर कधी, कोणाकडून, कशासोबत मिळालं याचं सही केलेलं निवेदन. वारशाने आलं असेल तर मृत्यू दाखला, वारसा दाखला आणि इतर वारसांचं ना-हरकत पत्र. पोलिसांची पोच. दोन्ही बाजूंचे, फुटपट्टी शेजारी ठेवून काढलेले फोटो आणि प्रत्येक ठशाचा जवळून एक. निष्क्रिय (कायमचं न उडणारं) केल्याचा जुना दाखला सामानात निघाला तर तोही. तज्ज्ञाचा अभिप्राय असेल तर त्यात बनावटीचा काळ कशावरून ठरवला ते लिहिलेलं असावं. नुसतं ‘पुरातन आहे’ एवढं वाक्य टिकत नाही.

निवेदनात जे माहीत नाही ते भरू नका. ‘आजोबांनी युद्धातून आणलं’ अशी ऐकीव गोष्ट असेल तर ऐकीव म्हणूनच लिहा, कारण ठशांवरून ती खोटी ठरली तर बाकीच्या कागदांवरचा विश्वासही जातो. सोबत काडतुसं निघाली असतील तर त्यांचा वेगळा उल्लेख करा. शस्त्राला सूट मिळाली म्हणून काडतुसांना मिळेलच असं नाही.

निकाल ‘पुरातन नाही’ असा आला तर स्थानिक कायदा मुभा देईल त्याप्रमाणे परवान्यासाठी अर्ज, परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणं, मान्यताप्राप्त केंद्रातून निष्क्रिय करून घेणं किंवा संग्रहालयाला देणं हे मार्ग उरतात. संग्रहालयाला द्यायचं ठरलं तर आधी त्यांचं स्वीकृतिपत्र मिळवा आणि पोलिसांकडून शस्त्र थेट तिकडेच पाठवायची विनंती करा.