पार्श्वभूमी : पथ्य सांगायचं कोणी?

२० मार्च २०२० या एकाच दिवशी दोन व्हॉट्सॲप नंबर सुरू झाले. एक केंद्र सरकारचा कोरोना मदतकक्ष, दुसरा जागतिक आरोग्य संघटनेचा. ‘हाय’ लिहायचं, यादी यायची, यादीतला आकडा दाबायचा. पाठोपाठ महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याचा मराठी बॉटही आला. केंद्राच्या नंबराची आठवण आज बहुतेकांना लसीच्या प्रमाणपत्रामुळे आहे, आणि ती सोय त्यात ऑगस्ट २०२१ मध्ये आली. पण आपल्याकडच्या आरोग्य-चॅटबॉटचं पुढे काय होणार हे ठरवणारा दिवस त्या २० मार्चनंतर पाचच दिवसांनी उजाडला होता.

२५ मार्चला, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली. डॉक्टरांनी फोनवरून रुग्ण पाहावा की नाही हा जुना वाद त्यांनी मिटवला, म्हणून त्यांचं स्वागत झालं. त्याच कागदात प्लॅटफॉर्म चालवणाऱ्यांसाठीच्या भागात एक वाक्य होतं, त्याकडे तेव्हा फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या प्लॅटफॉर्मना रुग्णाला ‘काउन्सेल’ करता येणार नाही आणि औषधही लिहून देता येणार नाही. यंत्राने डॉक्टरला मदत करावी, पण शेवटचं काउन्सेलिंग आणि शेवटची चिठ्ठी नोंदणीकृत डॉक्टरने थेट द्यायची.

चिठ्ठीचं कळलं. घोळ झाला तो ‘काउन्सेल’चा.

मराठीत या शब्दाचे दोन तुकडे पडतात. ‘सल्ला’ म्हणावं तर तो शेजारच्या काकूही देतात. ‘समुपदेशन’ म्हणावं तर डोळ्यांसमोर येते ती एक खोली, दोन खुर्च्या आणि हळू आवाजात बोलणारं कुणीतरी. एचआयव्ही चाचणी केंद्रातलं, कौटुंबिक न्यायालयातलं किंवा शाळेतलं. त्यामुळे मराठीत या वाक्यावर जे थोडंफार बोललं गेलं, ते मानसिक आरोग्याच्या ॲप्सबद्दलच. यंत्राने दुःखी माणसाशी बोलावं की नाही, असा तो विषय झाला. कागदाला मात्र तेवढंच अभिप्रेत नव्हतं.

टेलिमेडिसिनवर डॉक्टर काय काय करू शकतो, त्याचे तिथे तीन भाग केलेले आहेत. आरोग्यशिक्षण, काउन्सेलिंग आणि औषध. आहार, व्यायाम, तंबाखू सोडणं, साथीच्या रोगांपासून जपणं हे सगळं शिक्षणात. काउन्सेलिंग म्हणजे त्या विशिष्ट रुग्णाला दिलेली विशिष्ट सूचना. त्याची उदाहरणंही दिली आहेत : काय खाऊ नये, कर्करोगाची औषधं चालू असताना काय करावं आणि काय टाळावं, श्रवणयंत्र नीट कसं वापरावं, घरच्या घरी फिजिओथेरपी कशी करावी. याला मराठीत नेमका शब्द आहे, आणि तो ‘समुपदेशन’ नाही. तो ‘पथ्यपाणी’ आहे.

हा अर्थ धरला की बंदीचा आवाका बदलतो. यंत्राला मनाई आहे ती औषध लिहायची आणि पथ्य सांगायची. आरोग्यशिक्षण त्या बंदीत नाही. मधुमेहात गोड जपून खावं, हे बॉटने सांगितलं तर ते शिक्षण. त्यावर रुग्णाने विचारलं, ‘माझी साखर काल २१० होती, आंब्याची एक फोड चालेल का?’ आणि बॉटने उत्तर दिलं, तर ते काउन्सेलिंग. दोन्हींच्या मध्ये फक्त एक प्रश्न आहे. माणूस तो विचारणारच, त्यासाठीच तर त्याने फोन हातात घेतलेला असतो. आकडे दाबायच्या बॉटमध्ये हा प्रश्न टंकायची सोयच नव्हती, म्हणून २०२० मध्ये ती रेघ कुणाला टोचली नाही. बॉट मोकळं बोलू लागले तेव्हा ती पायात यायला लागली.

दुसरं असं की वॉर्डात पथ्यपाणी सांगतं कोण? डिस्चार्ज कार्डावर सही डॉक्टरची असते. पण ड्रेसिंग केव्हा बदलायचं, अंघोळ कधी करायची, कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती नंतर, हे नातेवाइकांना दोनदा-तीनदा समजावतात त्या सिस्टर. कागदात परिचारिका आहे, एएनएम म्हणजे उपकेंद्रातली आरोग्यसेविका आहे, पण ती रुग्णाला पलीकडच्या डॉक्टरशी जोडून देणारी म्हणून. ‘आरोग्यसेवक ते डॉक्टर’ असा सल्लामसलतीचा एक प्रकारच तिथे दिला आहे. सिस्टरच्या स्वतःच्या तोंडून रोज जे काउन्सेलिंग होतं, त्याचा विचार करताना मसुदा लिहिणाऱ्यांच्या नजरेसमोर फक्त डॉक्टर होता, असं वाटल्याशिवाय राहत नाही. परिणामी ‘परिचारिकांना मदत करणारा बॉट’ या कल्पनेला नियमांत नीट जागाच मिळाली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये डॉक्टरांच्या वर्तनाची नवी नियमावली आली, त्यात टेलिमेडिसिनचाही भाग होता. ती त्याच महिन्यात स्थगित झाली आणि २०२० चं वाक्य जागेवर राहिलं.

मागचा इतिहास बराच लांब आहे, पण त्यातल्या मोजक्याच गोष्टी इथे कामाच्या. १९६६ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या एका तंत्रशिक्षण संस्थेत ‘एलिझा’ हा प्रोग्राम तयार झाला. तो मानसोपचारतज्ज्ञाची नक्कल करायचा, म्हणजे समोरच्याचंच वाक्य प्रश्न करून परत द्यायचा. तो लिहिणाऱ्या शास्त्रज्ञाच्या सेक्रेटरीने त्याच्याशी बोलायला सुरुवात केली आणि थोड्याच वेळात साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितलं, हा किस्सा प्रसिद्ध आहे. किश्शामागचा मुद्दा असा की बॉटला काही कळत नसतानाही माणूस त्याच्यापाशी मन मोकळं करतो. दुसरं टोक ‘मायसिन’. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात जवळपास ६०० नियमांवर उभारलेला हा प्रोग्राम जंतुसंसर्गावर प्रतिजैविकं सुचवायचा. १९७९ मध्ये त्याची परीक्षा झाली. सूचना कुणाची, हे परीक्षकांना ठाऊक नव्हतं. मायसिनच्या ६५ टक्के सूचना त्यांना मान्य झाल्या आणि तज्ज्ञांपैकी सर्वांत वरचा होता ६२.५ टक्क्यांवर. तरीही तो रुग्णांसाठी कधीच वापरला गेला नाही. त्याच्यापुढे टंकत बसायला वॉर्डात वेळ कुणाला होता, आणि चुकला तर जबाबदार कोण, याचंही उत्तर नव्हतं. परीक्षेत पहिला आणि वॉर्डात गैरहजर, ही परंपरा तिथून सुरू होते.

परिचारिकांच्या बाजूने पाहिलं तर २००९ च्या सुमारास बॉस्टनमध्ये झालेला प्रयोग जास्त जवळचा. चाकाच्या गाडीवर बसवलेला टचस्क्रीन खाटेपाशी आणायचा, पडद्यावरची चित्रातली नर्स डिस्चार्जची पुस्तिका पान-पान समजावून सांगायची, मधूनच प्रश्न विचारून रुग्णाला कळलं का ते पाहायची. उरलेल्या शंका खऱ्या नर्सकडे जायच्या. कमी शिकलेल्या रुग्णांना ही ‘नर्स’ आवडली, कारण तिला घाई नव्हती. आपल्याकडच्या सरकारी वॉर्डात एका सिस्टरच्या अंगावर किती खाटा असतात हे ज्याने पाहिलंय त्याला या निष्कर्षाचं आश्चर्य वाटणार नाही.

२०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेने गरोदर बायांसाठी एसएमएसची ‘मॉमकनेक्ट’ सेवा सुरू केली. तिच्या मदतकक्षात प्रश्नांना उत्तरं द्यायला परिचारिका बसवल्या होत्या. प्रश्नांचा पूर आला तेव्हा नेहमीचे प्रश्न यंत्राने निपटायचे आणि अवघड ते सिस्टरांकडे पाठवायचे, ही वाटणी तिथे रुळत गेली. २० मार्च २०२० चा तो जागतिक नंबर याच सेवेच्या तंत्रज्ञानातून उभा राहिला. भारतात २०१६ पासून गरोदर बाया आणि बाळंतिणींना ‘किलकारी’ या सरकारी सेवेचे ध्वनिमुद्रित फोन जातात, महाराष्ट्रात ती सेवा २०२४ मध्ये आली. पण किलकारी बोलते, ऐकत नाही.

२०२२ च्या अखेरीस मोकळं बोलणारी यंत्रं सर्वांच्या हातात आली आणि ‘काउन्सेल’वरची कसरत खऱ्या अर्थाने सुरू झाली. बंगळुरूच्या एका डोळ्यांच्या रुग्णालयात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला येणाऱ्यांसाठी व्हॉट्सॲपवर बॉट ठेवला गेला. भाषा पाच : इंग्रजी, हिंदी, कन्नड, तमिळ आणि तेलुगू. रुग्णाने विचारलं की बॉट लगेच उत्तर देतो, पण तपासणी बाकी असल्याचं कळवून. तेच उत्तर डॉक्टरच्या फोनवर जातं. प्रश्न तारीख-वेळेचा, पैशांचा असेल तर समन्वयकाकडे. त्यांनी होकार दिला की उत्तराला हिरवी टिक मिळते, नाही म्हटलं तर दुरुस्ती होते आणि ती बॉटच्या माहितीसाठ्यात जमा होते.

आता ही टिक म्हणजे डॉक्टरने ‘थेट’ केलेलं काउन्सेलिंग का? ज्यांनी बॉट केला ते म्हणतील, हो, डॉक्टरने पाहिलंय. कडक वाचणारा म्हणेल, टिक यायच्या आधीच उत्तर रुग्णाने वाचलं, आणि शस्त्रक्रियेच्या सकाळी चहा घ्यायचा की नाही हे ठरवूनही टाकलं. मला दुसऱ्याचं म्हणणं जास्त पटतं. तरी तपासणीची व्यवस्था उत्तरातच बांधून टाकण्याची कल्पना इथल्या प्रयोगांची खरी कमाई आहे, हेही मान्य करायला हवं.

कारण तपासणी एकदाच करून भागत नाही, हे २०२३ मध्ये अमेरिकेत दिसलं. खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या एका संस्थेने आपली जुनी मदतवाहिनी बंद करायचं ठरवलं, आणि तेही कर्मचाऱ्यांनी संघटना बांधायला कौल दिल्यानंतर. उरला चॅटबॉट. या बॉटची सुमारे ७०० स्त्रियांवर रीतसर चाचणी झालेली होती. मे महिन्याच्या अखेरीस तो एका कार्यकर्तीला वजन कमी करायला रोज ५०० ते १००० कॅलरी कमी खाण्याच्या सूचना देताना सापडला. म्हणजे ज्या दुखण्यासाठी बॉट, त्यालाच खतपाणी. चाचणी झाली होती ती ठरलेली उत्तरं देणाऱ्या बॉटची. नंतर चालवणाऱ्या कंपनीने त्यात स्वतः वाक्यं रचणारा भाग जोडला. संस्था म्हणाली आम्हाला विचारलं नाही, कंपनी म्हणाली करारात होतं. बॉट तातडीने काढून टाकला गेला.

चाचणी कशाची घ्यायची, यावरही २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या एका अभ्यासाने बोट ठेवलं. १,२९८ माणसांना आजाराचे कल्पित प्रसंग दिले. यंत्राला एकट्याला प्रसंग वाचायला दिला तर संबंधित आजार ९४.९ टक्के वेळा ओळखला गेला. तेच यंत्र माणसाच्या हातात दिल्यावर आकडा ३४.५ टक्क्यांच्याही खाली आला. लोक अर्धवट माहिती देत होते, आणि मिळालेल्या उत्तरातलं नेमकं काय उचलायचं ते त्यांना कळत नव्हतं.

मराठीत हे अंतर आणखी रुंदावू शकतं. ‘पित्त झालंय’ असं कुणी टंकलं तर छातीत जळजळ होतेय, डोकं दुखून उलटी झालीय की अंगावर गांधी उठल्यात? तिन्हींना आपण पित्तच म्हणतो. ‘जीव घाबरा होतोय’ म्हणजे धडधड, दम लागणं की नुसती काळजी? ‘अंगावरून जातंय’ असं एखादी बाई लिहिते तेव्हा पांढरं की लाल, हे विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. उपकेंद्रातली एएनएम हा उलट प्रश्न सवयीने विचारते. इंग्रजीवर तालीम झालेल्या, मग मराठी बोलायला लावलेल्या बॉटची परीक्षा खरं तर इथेच घ्यायला हवी, नेमक्या उत्तरांच्या नाही तर नेमक्या प्रश्नांच्या पातळीवर.

दरम्यान ‘नर्स’ हा शब्दही वादात सापडला. २०२४ मध्ये अमेरिकेत एका कंपनीच्या यंत्र-नर्सची जाहिरात तासाला ९ डॉलर अशी झाली आणि परिचारिकांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या. पुढच्याच वर्षी ओरेगॉन राज्याने यंत्राला ‘नर्स’ म्हणवून घ्यायला कायद्याने मनाई केली. आपल्याकडे ‘आभासी परिचारिका’ असं बिनदिक्कत छापलं जातं, आणि चित्र हमखास पांढऱ्या टोपीतल्या बाईचं असतं.

राजस्थानात उदयपूरकडे २०२४ पासून आशाताईंसाठीचा हिंदी बॉट चालवून पाहिला जातोय. त्याचा आधार मुख्यतः सरकारी प्रशिक्षण-पुस्तिकांचा. ज्या प्रश्नाचं उत्तर त्याला तिथे सापडत नाही, तो प्रश्न व्हॉट्सॲपवर अनेक एएनएमकडे जातो, आणि त्यांच्या उत्तरांत एकमत झालं की ते आशाताईला मिळतं. अभ्यासात दिसलं ते असं : वरिष्ठांना विचारायला लाज वाटेल असे साधे किंवा नाजूक प्रश्न आशाताई बॉटला मोकळेपणाने विचारतात, आणि त्याचं उत्तर प्रमाण मानतात. उत्तरं देताना एएनएमच्याही ज्ञानात भर पडते. पण त्यांच्या दोन तक्रारी होत्या. आधीच्या कामावर हे काम वाढलं, आणि उद्या उत्तर चुकलं तर विचारणा आपल्यालाच होणार.