कोशिकेई : फाशी देऊनही न मेलेल्या माणसाचा पिक्चर

कोशिकेई म्हणजे जपानीत सरळसरळ 'फाशीची शिक्षा'. नागिसा ओशिमा या दिग्दर्शकाचा हा १९६८ सालचा ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर, दोन तासांना जरा कमी. प्रकार कुठला विचाराल तर काळा विनोद, फार्स, डॉक्युमेंटरी, कायद्याचा कीस आणि मधेच भुताखेताची गोष्ट, सगळं एकाच भांड्यात. मराठी पेपरात 'मरेपर्यंत फाशी' असं छापून येतं, आपण वाचतो आणि पान उलटतो, त्यातल्या 'मरेपर्यंत' वर कुणी थांबत नाही. हा अख्खा पिक्चर त्या एका शब्दावर उभा आहे. दोर आवळला, खालची फळी उघडली, माणूस लटकला, आणि मेलाच नाही. आता?

सुरुवात अगदी सरकारी माहितीपटासारखी होते. पडद्यावर आकडे येतात: जून १९६७ च्या सरकारी पाहणीत फाशी रद्द करायला ७१ टक्के लोकांचा विरोध, १६ टक्के रद्द करा म्हणणारे, उरलेले १३ टक्के काठावर. मग आवाज विचारतो की या विरोध करणाऱ्या मंडळींपैकी कुणी फाशीघर आतून बघितलंय का, फाशी बघितलीय का. आणि कॅमेरा आपल्याला आत घेऊन जातो. बाहेरून साधं घर वाटावं अशी इमारत, आत देवघरासारखी खोली, पडदा, दोर, खाली शवपेटी. मागून निवेदन चालू, तेही थंड, कोरडं, म्हणजे घर दाखवणारा एजंट 'हे किचन, ही बाल्कनी' म्हणतो ना, तसं. हा आवाज खुद्द ओशिमाचा आहे.

मग फाशी होते. डॉक्टर नाडी धरून बसलाय, मिनिटं जातायत आणि ठोके काही थांबत नाहीत. सगळे अधिकारी एकमेकांकडे बघतात. कैद्याचं नाव फक्त 'आर', एवढंच अक्षर, जपानात राहणारा कोरियन. तो शुद्धीवर येतो पण त्याला काहीच आठवत नाही, स्वतःचं नाव नाही, गुन्हा नाही, आपण कोण हेही नाही. इथे कायदा आडवा येतो. जपानच्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम ४७९ प्रमाणे कैद्याला मानसिक भान नसेल तर शिक्षा थांबवावी लागते. म्हणजे याला परत लटकवायचं असेल तर आधी त्याला त्याचा गुन्हा आठवला पाहिजे. पाद्री तर वेगळाच अडून बसतो, त्याच्या मते आरचा आत्मा केव्हाच देवाकडे गेला, समोर बसलाय तो आर नाहीच, मग या दुसऱ्याच माणसाला फाशी कशी द्यायची?

झालं, मग तुरुंगातले साहेब लोक काय करतात, तर नाटक बसवतात. आरचा गुन्हा, आरचं घर, आरचे आईबाप, सगळं स्वतःच करून दाखवतात म्हणजे त्याला आठवेल. इथून पुढचा तासभर म्हणजे शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुख्याध्यापक आणि शिपाई मिळून नाटक करतायत असं दृश्य, युनिफॉर्म तसेच, अभिनय भयंकर. भिंतींना वर्तमानपत्रं चिकटवलेली एक खोली आहे, ते आरचं गरिबाघरचं घर. त्यात एक साहेब दारुडा बाप होतो, दुसरा आणखी कोणी, आणि सगळे मिळून 'कोरियन लोक असेच असतात' ही आपल्या डोक्यातली चित्रं हौसेनं रंगवतात. ओरडणारे, भांडणारे, घाणेरडे. मग कुणीतरी मधेच टोकतं की नाही नाही, कोरियन असा नसतो, अजून गावंढळ कर. हसायला येतं आणि लगेच हसल्याची लाज वाटते. आर बिचारा शांतपणे बघत असतो आणि साधेसुधे प्रश्न विचारतो. कोरियन म्हणजे काय, हा त्यातला सगळ्यात भारी. तुरुंगाचा शिक्षण अधिकारी उत्तर द्यायला जातो आणि त्याचं त्यालाच सापडत नाही.

आता खरी गंमत, खरं तर गंमत म्हणू नये, ती अशी की खुनाचं नाटक करता करता हा शिक्षण अधिकारी शाळेच्या गच्चीवर एका मुलीचा खरोखरच गळा दाबतो. म्हणजे गुन्हा शिकवणाऱ्याच्या हातून गुन्हा. मेलेली मुलगी शवपेटीत, आणि तीच पुढे कोरियन पोशाखातली आरची 'ताई' बनून उठते. आधी ती तिथल्या एखाददुसऱ्यालाच दिसते, मग हळूहळू एकेकाला दिसायला लागते. ही ताई आरला समजावते की तू केलंस ते जपानी साम्राज्यवादाविरुद्ध एका कोरियन माणसाचं उत्तर आहे. आरला तेही पटत नाही. मला ही जागा सगळ्यात धाडसी वाटते. ओशिमा स्वतः डावा, साम्राज्यवादावर तुटून पडणारा, आणि तरी त्याने आपल्याच बाजूचं भाषण आरच्या गळी उतरवलं नाही. सरकार म्हणतं तू खुनी कोरियन, ताई म्हणते तू लढवय्या कोरियन, आणि आर दोन्ही कपडे अंगावर घालून बघतो, एकही मापात बसत नाही.

फाशीविरोधी पिक्चर बहुतेक वेळा सोपा रस्ता धरतात: माणूस निर्दोष असतो, नाहीतर रडून पश्चात्ताप तरी करतो, म्हणजे प्रेक्षकाला दया येणं सोपं. इथे तसलं काही नाही. आरने गुन्हा केलाय, दोन खून, ते कुठेही लपवलेलं नाही. तरी प्रश्न उरतोच की याला मारणारे कोण आणि कुठल्या हक्काने. साहेब लोक दारू पिऊन सैल होतात तेव्हा युद्धातल्या मारामारीच्या गोष्टी निघतात, आणि तिथे मारल्याबद्दल कुणालाच फाशी झालेली नसते, उलट पेन्शन आहे.

खरी केस

आर हवेतून आलेला नाही. १९५८ साली टोकियोत कोमात्सुगावा हायस्कूलच्या गच्चीवर एका विद्यार्थिनीचं प्रेत सापडलं. मारणाऱ्याने स्वतःच पेपरवाल्यांना आणि पोलिसांना फोन केले होते. तो निघाला त्याच शाळेच्या रात्रवर्गातला १८ वर्षांचा मुलगा, री चिन-उ, जपानातच जन्मलेला कोरियन. त्याच वर्षी आधी झालेला आणखी एका बाईचा खूनही त्याच्यावर लागला. घर अतोनात गरीब, पोरगा मात्र हुशार आणि प्रचंड वाचणारा. दया दाखवा म्हणून लेखक-विचारवंतांनी मोहीम काढली, उपयोग झाला नाही. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षा कायम केली आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये, २२ व्या वर्षी, त्याला फाशी झाली. तुरुंगात असताना पाक सुनाम या कोरियन पत्रकार बाईंशी त्याचा पत्रव्यवहार होता, तो नंतर पुस्तक म्हणून आला आणि खूप वाचला गेला. पिक्चरमधली ताई त्या पत्रांतून आलीय हे उघड आहे.

या मुलाला एक जपानी नावही होतं. हे त्याच्या एकट्याचं नाही. जपानात राहणारे कोरियन, त्यांना तिकडे झाईनिची म्हणतात, त्यातल्या कित्येकांना घरात एक नाव आणि बाहेर दुसरं. नोकरी, भाड्याचं घर, लग्न, सगळीकडे नाव बघून दार बंद व्हायचं. १९१० ला जपानने कोरिया गिळला, मग कामाला म्हणून, काहींना तर जबरदस्तीने, माणसं नेली, १९४५ मध्ये युद्ध संपलं तेव्हा जपानात साधारण वीस लाख कोरियन होते. बरेच परत गेले, सहा लाखांच्या आसपास राहिले. तोवर ते कागदोपत्री जपानी प्रजा होते, आणि एप्रिल १९५२ मध्ये जपानचं महायुद्ध कागदोपत्री संपवणारा सॅन फ्रान्सिस्को करार लागू झाला त्या दिवशी त्यांचं नागरिकत्व एका फटक्यात गेलं. विचारलं कुणी नाही. जन्म जपानचा, भाषा जपानी, आणि खिशात परदेशी म्हणून नोंदणीचं कार्ड, वर बोटांचे ठसे. जुनी जखम तर त्याहून वाईट. १९२३ च्या कांतो भूकंपानंतर कोरियन लोक विहिरीत विष टाकतायत अशी अफवा उठली आणि जमावाने, काही ठिकाणी पोलीस-सैनिकांनीही, माणसं कापली. वाटेत अडवून 'पंधरा येन पन्नास सेन' म्हणायला लावायचे, उच्चार अडखळला की कोरियन ठरला आणि संपला. 'कोरियन म्हणजे काय' या आरच्या प्रश्नाला जमावाकडे तेव्हा हे उत्तर होतं.

पिक्चर फेब्रुवारी १९६८ ला लागला, आणि त्याच महिन्यात किम ही-रो नावाच्या झाईनिची माणसाने दोन गुंडांना गोळ्या घातल्या आणि शिझुओकाच्या डोंगरातल्या एका गरम पाण्याच्या झऱ्यांच्या हॉटेलात बंदूक घेऊन लोकांना ओलीस धरलं. मागणी काय, तर पोलिसांनी कोरियन लोकांना शिव्या घातल्या त्याची टीव्हीवर माफी मागावी. जवळजवळ चार दिवस देश टीव्हीसमोर बसून होता. असा योगायोग कुठल्याही लेखकाने लिहिला असता तर अतिरेक म्हणून खोडला गेला असता.

बनवणारी मंडळी

ओशिमा (१९३२-२०१३) क्योटो विद्यापीठात कायदा शिकलेला, हे पिक्चर बघताना पदोपदी जाणवतं. मोठ्या स्टुडिओने त्याचा १९६० चा एक राजकीय पिक्चर काही दिवसांत थिएटरमधून काढून घेतला, मग हा बाहेर पडला आणि मित्रांबरोबर सोझोशा ही आपली कंपनी काढली. कोशिकेई झाला सोझोशा आणि आर्ट थिएटर गिल्ड (वेगळ्या वाटेच्या पिक्चरांना हात देणारी संस्था) यांच्या भागीदारीत, एक कोटी येनच्या आसपासच्या बजेटात. आपल्याकडे कोटी म्हटलं की डोळे मोठे होतात, पण तिकडे हे अगदी चणे-फुटाण्याचं बजेट. म्हणून तर जवळजवळ सगळा पिक्चर एकाच सेटवर. मला विचाराल तर गरिबीने इथे भलं केलं, त्या खोलीतून प्रेक्षकालाही बाहेर पडता येत नाही.

आर झालाय युन युन-दो, नवखा माणूस, आणि त्याचा तो कोरा, न हलणारा चेहरा हेच पिक्चरचं मोठं भांडवल. ताई म्हणजे कोयामा अकिको, ओशिमाची बायको. शिक्षण अधिकारी वातानाबे फुमिओ, घामाघूम होऊन, जीव तोडून काम केलंय. पाद्री झालेला इशिदो तोशिरो मुळात पटकथाकार. सुरक्षा अधिकारी झालेला अदाची मासाओ स्वतः दिग्दर्शक, आणि पुढे हाच अदाची १९७४ मध्ये लेबनॉनला जाऊन जपानी रेड आर्मी या हत्यारबंद डाव्या संघटनेत सामील झाला, १९९७ मध्ये तिकडे पकडला गेला, २००० मध्ये जपानला परत पाठवला गेला. पडद्यावर तुरुंगाचा पहारेकरी होता!

कोरियन विषय ओशिमाने एकदाच हाताळून सोडला नाही. १९६३ मध्ये टीव्हीसाठी त्याने जपानी सैन्यातून लढून हातपाय-डोळे गमावलेल्या, आणि आता नागरिक नाही म्हणून पेन्शन नाकारलेल्या कोरियन सैनिकांवर डॉक्युमेंटरी केली होती. १९८३ च्या युद्धकैद्यांवरच्या गाजलेल्या पिक्चरची सुरुवातही एका कोरियन पहारेकऱ्याच्या शिक्षेनेच होते.

शेवट आणि कायदा

शेवटाकडे सरकारी वकील आरला सांगतो, जा, दार उघडं आहे. दार उघडतं, बाहेरून डोळे दिपवणारा उजेड येतो, आणि आर उंबऱ्यावरच थबकतो. वकील म्हणतो, तुला अडवतंय ते राष्ट्र. राष्ट्र कुणालाच दिसत नाही पण पाऊल पुढे पडत नाही. आर परत फिरतो आणि सगळ्या आर लोकांसाठी म्हणून फाशी घ्यायला तयार होतो. फळी उघडते, दोर ताणला जातो, कॅमेरा बघतो तर फास रिकामा. मग एकेका अधिकाऱ्याला सहभागाबद्दल धन्यवाद दिले जातात, आणि शेवटी तो आवाज पिक्चर बघणाऱ्या आपल्यालाही धन्यवाद म्हणतो. आरामात बसून बघत होतो ना आपण.

कायद्याची गंमत म्हणजे असं जपानात खरंच घडलंय. १८७२ मध्ये, आजच्या एहिमे भागात, फाशी दिलेला एक माणूस प्रेत नातेवाइकांच्या ताब्यात दिल्यावर जिवंत झाला. वरपर्यंत विचारणा झाली आणि सरकार म्हणालं की शिक्षा देऊन झालीय, पुन्हा देता येणार नाही, त्याचं नाव नोंदवहीत परत घाला. साधं, माणुसकीचं उत्तर. पण पुढे १९०८ च्या तुरुंग कायद्यात कलमच घातलं की मृत्यूची खात्री झाल्यावरही पाच मिनिटं फास सोडायचा नाही.

जपानात आजही फाशी आहे, आजही दोरानेच, आणि कैद्याला कळतं त्याच दिवशी सकाळी. २०१९ च्या सरकारी पाहणीत फाशीला पर्याय नाही म्हणणारे ८०.८ टक्के निघाले. प्रश्नाची भाषा वेगळी आहे त्यामुळे १९६७ च्या ७१ शी थेट तुलना करू नये, पण काटा कुठे सरकलाय ते कळतं. ऑगस्ट २०१० मध्ये न्यायमंत्री चिबा केइको यांनी टोकियोचं फाशीघर पहिल्यांदा पत्रकारांना उघडून दाखवलं, म्हणजे ओशिमाने सेट बांधून दाखवल्यावर ४२ वर्षांनी. प्रार्थनेची खोली, गालिचा, जमिनीवर लाल पट्ट्यांनी आखलेला चौकोन, आणि पलीकडे तीन बटणं, कुठल्या बटणाने फळी उघडली ते दाबणाऱ्यांनाही कळू नये म्हणून. छताला दोर ओवायची कडी होती. दोर मात्र लावलेला नव्हता.