उसातली हाळी आणि आकाशातलं रडार

रात्रीची लाईट असली की ऊस पाजायला दोघं जातात. एक मोटारीपाशी थांबतो, दुसरा फडात शिरतो. डोक्याच्या वर गेलेल्या उसात बॅटरी मारली तर उजेड पाल्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो, आतला माणूस काही दिसत नाही. मग बांधावरून हाळी जाते, "कुठं हाईस रं?" आतनं आवाज येतो, "चौथ्या सरीत हाय!" कोण आणि कुठं, दोन्ही कळलं.

विमानांवर लक्ष ठेवणारी रडार याच दोन तऱ्हांची असतात. प्राथमिक रडार म्हणजे बॅटरी. रेडिओ लहरींचा झोत सोडायचा आणि विमानाच्या अंगावर आपटून परत येईल त्याची वेळ मोजायची. लहर सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावते. कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीच्या माळावर रडार उभं आहे असं समजा, तर कराडवरच्या विमानाला शिवून लहर अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत परत येईल. मोजताना एक मायक्रोसेकंद चुकला, तर अंतर १५० मीटरनं चुकलं.

दुय्यम रडार म्हणजे हाळी. ते १०३० मेगाहर्ट्झवर विचारतं आणि विमानातला ट्रान्सपाँडर १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. त्यात चार आकडी ओळख असते आणि उंची असते. या उंचीची किंमत आपल्या देशानं फार मोठी मोजली आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर झाली, ३४९ माणसं गेली. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर राहायला सांगितलं होतं, ते त्याखाली उतरलं. दिल्लीच्या नियंत्रकापुढं तेव्हा फक्त प्राथमिक रडार होतं. ठिपके दिसत होते, त्यांची उंची दिसत नव्हती.

बिघाडही दोन्हींचे वेगळे. भुरभुर पावसात बॅटरी मारली की थेंबच चमकतात, तसंच प्राथमिक रडारवर पावसाचा पसारा उमटतो. दुय्यम रडारचं उत्तर एखाद्या डोंगरावर किंवा मोठ्या इमारतीवर आपटून वाकड्या वाटेनं आलं, तर पडद्यावर भलत्याच जागी दुसरं विमान उभं राहतं. आणि आपल्या त्या कल्पनेतल्या रडारला जोतिबाच्या डोंगराआड खालून उडणारं विमान दिसणारच नाही, कारण या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात.

पण रडार "गेलं" म्हणतात तेव्हा दोष लहरी सोडणाऱ्या थाळीतच असतो असं नाही. २८ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेत नेवार्क विमानतळाची वाहतूक सांभाळणाऱ्या, फिलाडेल्फियात बसलेल्या नियंत्रकांचे पडदे आणि रेडिओ सुमारे ९० सेकंद बंद पडले. माहिती आणणारी दूरसंचार लाईनच बंद पडली होती.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे अंतर वाढवणं. एरवी वाटेवरच्या दोन विमानांत ५ सागरी मैल पुरतात, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर. साधारण कोल्हापूर शहर ते उजळाईवाडी एवढंच. रडार नसेल तर एकाच वाटेनं, एकाच उंचीवर जाणाऱ्या दोन विमानांत साधारण १० मिनिटं ठेवतात. जेट विमान तेवढ्यात १३० किलोमीटर जातं, कोल्हापूरहून साताऱ्याच्याही पुढं. एका विमानाला एवढी जागा दिली की मागची सगळी रांग थांबते. मुंबईचं विमान "तांत्रिक कारणानं" उशिरा आहे असं ऐकून आपण वैतागतो. कधी कधी त्या उशिराच्या पोटात हीच वाढवलेली जागा असते.

तोवर वैमानिक स्वतःच रेडिओवर सांगत राहतो: अमुक ठिकाण इतक्या वाजता ओलांडलं, इतक्या उंचीवर आहे, पुढचं ठिकाण इतक्या वाजता. नियंत्रक ते टिपून घेतो आणि मागच्या विमानाच्या वेळेशी ताडून बघतो. आणि रेडिओही गेला, तरी विमानातलं टक्कर टाळणारं यंत्र त्याच १०३० मेगाहर्ट्झवर शेजारच्या विमानाला हाळी देतं. फारच जवळ आले, तर एकाला वर जायला सांगतं, दुसऱ्याला खाली.