लाल रेघ म्हणजे चूकच नव्हे
‘संगणकाने ज्या इंग्रजी शब्दाखाली लाल रेघ ओढली, तो शब्दच चुकीचा,’ असा संदेश ठाण्यातील पालकांच्या गटांवर अधूनमधून फिरतो. प्रत्यक्षात ती रेघ एवढेच सांगते की, तो शब्द त्या यंत्राच्या यादीत नाही. रोमन लिपीत ‘घोडबंदर’ लिहिले तरी ती बहुधा उमटते, आणि घोडबंदर तर जागच्या जागी आहे. ‘कलर’मधील ‘यू’ अमेरिकी लेखनात गळतो, ब्रिटिश लेखनात राहतो. भाषेची निवड अमेरिकी इंग्रजीवरून ब्रिटिश इंग्रजीवर नेली की रेघ एका रूपाखालून दुसऱ्याखाली सरकते, हे कोणालाही करून पाहता येईल. शब्दकोशही वापराचे पुरावे साठल्यावरच शब्द घेतात. ‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडे आणणे) हा शब्द आपल्या कचेऱ्यांत आधी रुळला, कोशांत नंतर आला. शंका असल्यास दोन वेगळे कोश पाहावेत आणि तो शब्द छापील मजकुरात त्याच अर्थाने वारंवार आढळतो का, हे तपासावे.