ड्रोनच्या पंख्याखाली, मातीत

कोल्हापुरात मेरी वेदर मैदानावर शेती प्रदर्शन भरलं की सगळ्यात मोठी गर्दी ड्रोनभोवती असते. पंखे फिरायला लागतात, धूळ उडते, शेकडो मोबाईल वर होतात. मलाही ते बघायला आवडतं. पण या खेपेला माझे पाय शेजारच्या एका लहान स्टॉलपाशी थांबले. टेबलावर दोन काचेच्या बाटल्या होत्या. एकीत मळकट पांढरी, तपकिरी डोक्याची, अर्धगोल वळलेली हुमणी, म्हणजे उसाची मुळं खाणारी अळी. दुसरीतली हुमणीही तशीच वळलेली, पण वाळून कडक झालेली, अंगभर शेवाळी हिरवी पूड बसलेली. पन्नाशीचे एक शेतकरी ती बाटली उजेडाकडे धरून बघत होते.

"ड्रोननं ही मरंल काय रं?"

"न्हाई मामा. ही ऱ्हाती मुळापाशी, औषध बसतंय पानावर."

स्टॉलवरच्या पोराचं उत्तर अगदी बरोबर होतं. ड्रोनला कमी लेखायचं कारण नाही. ऊस डोक्याच्या वर गेला की पाठीवरचा पंप घेऊन सरीत शिरणं म्हणजे हाल. पात्यांनी हात चिरतात, वर मारलेलं औषध आपल्याच अंगावर गळतं. ड्रोन साधारण १० लिटर पाण्यात एकरभर फवारणी काही मिनिटांत उरकतो. इतकं थोडं पाणी पुरतं, कारण थेंब बारीक असतो. ४०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एक थेंब फोडून २०० मायक्रॉनचे थेंब केले तर ८ होतात, १०० मायक्रॉनचे केले तर ६४. तेवढ्याच पाण्यात कितीतरी जास्त पान भिजतं. पण थेंब जितका बारीक, तितका तो वाऱ्यावर लांब जातो, म्हणून वारा असताना ड्रोन उडवू नये. शेजारच्या रानात भाजीपाला किंवा रेशीमकिड्यांसाठीची तुती असेल तर अजिबात नाही. हे सगळं मात्र पानावरच्या रोग-किडींसाठी. हुमणी त्या पंख्यांखाली, मातीत निवांत बसलेली असते.

तिला गाठायचं तर तिचं वर्ष माहीत हवं. आपल्याकडच्या हुमणीची वर्षाला एकच पिढी होते. वळवाचा पहिला दमदार पाऊस पडला की संध्याकाळी अंधार पडताना जमिनीतून भुंगेरे, म्हणजे हुमणीचं पूर्ण वाढलेलं पंखवालं रूप, बाहेर येतात आणि बांधावरच्या कडुलिंब, बाभूळ, बोरीवर बसतात. तिथंच नर-मादीचं मीलन होतं, रात्रभर पाला खातात आणि उजाडायच्या आत परत मातीत शिरतात. मादी मातीत अंडी घालते. त्यातून निघालेली बारकी अळी आधी कुजका पालापाचोळा, शेणखत यावर जगते. अर्धवट कुजलेलं शेणखत रानात टाकू नका असं सांगतात, ते याचसाठी. पुढं अळी मुळांवर येते. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये ती पूर्ण वाढलेली आणि सगळ्यात खादाड असते. ऊस पिवळा पडतो, वाळतो, आणि बेट हातानं ओढलं तरी उपटून येतं. आपल्याला हुमणी दिसते ती तेव्हा. तोवर ती जाड कातडीची आणि खोलवर गेलेली असते, औषध तिच्यापर्यंत पोहोचवणं अवघड होऊन बसतं.

दुसऱ्या बाटलीतली हिरवी पूड म्हणजे मेटारायझियम नावाची बुरशी. तिची ओळख जुनी आहे. १८७९ मध्ये एली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञानं गव्हावरच्या भुंगेऱ्यांना होणारा हा रोग वर्णन केला, आणि या रोगानं कीड मारता येईल हे ताडलं. कीटकनाशक पोटात जावं लागतं किंवा अंगाला लागावं लागतं. ही बुरशी अंगावर रुजते. तिचा बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतो, ओल मिळाली की अंकुरतो, कातडी विरघळवणारी विकरं सोडतो आणि नेट लावून आत घुसतो. आत रक्तात बुरशी वाढते, विष सोडते. काही दिवसांत अळी मरते. मग बुरशी कातडी फोडून बाहेर येते, आधी पांढरी, नंतर हिरवी. ती हिरवी पूड म्हणजे पुढच्या अळीसाठी तयार झालेले नवे बीजाणू. मेलेली हुमणीच नवं बियाणं देते, हे मला दर वेळी नव्यानं थक्क करतं.

जैविक उपाय म्हणजे मनाचं समाधान, असं मानणाऱ्यांनी उसाच्या पानांतला रस शोषणारी कीड, लोकरी मावा, आठवावी. २००२ मध्ये ती पश्चिम महाराष्ट्रात पसरली, तेव्हा दाट फडात फवारणी पुरी पडेना. मोठा आधार झाला तो मावा खाणाऱ्या डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांचा.

पण बुरशी जिवंत आहे, तिला ऊन सोसत नाही. म्हणून ती चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओल असताना, संध्याकाळी मुळाजवळ द्यायची. बुरशीनाशकाबरोबर कधीच नाही. वेळ पावसाळ्याच्या तोंडाची, अळ्या लहान असतानाची. त्याआधीचं काम प्रकाश सापळ्याचं, म्हणजे दिव्याकडे येणारे भुंगेरे पकडायचं. दिवा अंधार पडल्यावर पहिले दोन-तीन तास पुरतो, रात्रभर ठेवला तर मित्रकीटकही मरतात. झाडं हलवून पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे. आणि हे एकट्यानं करून भागत नाही, भुंगेऱ्याला बांध कळत नाही. शिवारातल्या सगळ्यांनी त्याच चार-सहा संध्याकाळी राबायला हवं. अंडी घालण्याआधी मेलेली एक मादी म्हणजे मुळाशी न पोहोचलेल्या कित्येक अळ्या.

त्या मामांनी बुरशीचं पाकीट उचललं, किंमत विचारली. पोरानं उलट विचारलं, "आता नेऊन ठेवणार कुठं?" घरामागं पत्र्याचं शेड, असं ते म्हणाले. पोरानं मान हलवली. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली बीजाणू मरतात, जूनला टाकाल ती नुसती पूड असेल. सापळा आजच न्या, पाकीट मे अखेरीस ताजं घ्या, तयार केल्याची तारीख बघून. मामांनी पाकीट परत ठेवलं, सापळा बांधून घेतला आणि त्याच्या खोक्यावर पेनानं लिहिलं, 'वळीव पडला की लगेच'.