शून्य आला म्हणजे फाइल आली?

कर्ल हा टर्मिनलमधून फाइल उतरवणारा प्रोग्रॅम; काम संपल्यावर तो निकाल सांगणारा एक आकडा (एक्झिट कोड) परत देतो. ‘कर्लने शून्य परत दिला, म्हणजे फाइल नीट उतरली’ हा समज जुना आणि चिवट आहे. तो चुकीचा आहे. शून्याचा अर्थ एवढाच की सर्व्हरशी देवाणघेवाण पार पडली. सर्व्हरने ४०४ (म्हणजे ‘सापडलं नाही’) म्हटलं, तरी कर्ल ते एरर पान निमूटपणे तुमच्या झिप फाइलच्या नावाने सेव्ह करतो. मग अनझिप रडतं आणि आपण अनझिपलाच दोष देतो! अशा फाइलवर ‘हेड’ ही सुरुवातीच्या ओळी दाखवणारी कमांड चालवा. पहिल्याच ओळीत बहुधा एचटीएमएल दिसेल.

‘फेल’ हा पर्याय दिला, की सर्व्हरच्या ४०० आणि त्यापुढच्या, म्हणजे एररच्या, उत्तरांना कर्ल सहसा २२ परत देतो. डब्ल्यूगेट हा कर्लसारखाच दुसरा प्रोग्रॅम अशा वेळी मुळातच ८ देतो. ३०१ (म्हणजे ‘पत्ता बदलला’) मात्र ‘फेल’मधूनही निसटतो, नव्या पत्त्यावर जाण्यासाठी ‘लोकेशन’ हा पर्याय वेगळा द्यावा लागतो.