अमेरिकन खापरपणजीचे माहेर शोधताना

घरात अमेरिकन सून किंवा जावई असला की वंशावळी शोधून देणाऱ्या आमच्याकडे बहुधा अशी चौकशी येते: ‘खापरपणजीचे नाव मेरी, नवऱ्याचे आडनाव स्मिथ, ओहायोत कुठेतरी राहत.’ एवढ्यावर काम सुरू करता येते, पण माहेरचे आडनाव कळेपर्यंत ते अर्धेच राहते. एकोणिसाव्या शतकात लग्न झालेली अमेरिकन बाई स्वतःच्या नावाने कागदावर क्वचितच येते. त्यामुळे नवरा, मुले, भाऊ आणि शेजारी यांच्या कागदांतून तिच्यापर्यंत पोहोचावे लागते.

शोध मृत्यूकडून जन्माकडे न्यावा. व्हरमाँटमध्ये १८२२ सालची एखादी मेरी सापडली, म्हणून तिला पुढे ओढत आणले की दुसऱ्याच घराण्याची वंशावळ तयार होते. इंटरनेटवरच्या तयार वंशावळींतल्या बऱ्याच चुका अशाच झालेल्या आहेत, आणि एकाची चूक बाकीचे उतरवून घेतात.

तिच्या मृत्युदाखल्याची फार आशा धरू नये. मॅसॅच्युसेट्सने राज्यभर जन्म-मृत्यूची नोंद १८४१ मध्ये सुरू केली, पेनसिल्व्हेनियाने १९०६ मध्ये, साउथ कॅरोलायनाने तर १९१५ मध्ये. मुलांचे कागद जास्त उपयोगी पडतात. विसाव्या शतकातल्या मृत्युदाखल्यावर आईच्या माहेरच्या आडनावाचा रकाना असतो. पण तो जावई किंवा नातू भरून देतो, म्हणून आम्ही निदान दोन भावंडांचे दाखले ताडून पाहतो. मूल १९३६ नंतर हयात असेल आणि त्याने सोशल सिक्युरिटीसाठी (सरकारी निवृत्तिवेतन योजनेसाठी) अर्ज केला असेल, तर त्याहून चांगले. तिथे आईचे नाव त्याने स्वतः दिलेले असते.

जनगणना दर दहा वर्षांनी होते. १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव, बाकीच्यांचे वयोगटानुसार आकडे. १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र (गुलाम नसलेल्या) व्यक्तीचे नाव आहे, पण कुटुंबप्रमुखाशी नाते १८८० पासूनच लिहिलेले सापडते. हे नातेही प्रमुखाशी असते, त्याच्या बायकोशी नव्हे: ‘मुलगा’ असे लिहिलेला मुलगा पहिल्या बायकोचा असू शकतो. याची फोड १९०० च्या जनगणनेत होते. तिथे जन्माचा महिना-वर्ष, लग्नाला झालेली वर्षे, झालेली मुले आणि त्यांतली हयात मुले असे रकाने आहेत. लग्नाला २० वर्षे आणि थोरला मुलगा २६ चा असेल, तर दुसरे लग्न गृहीत धरून पुढे जावे. १८९० ची जनगणना १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीत आणि त्यानंतर जवळजवळ संपूर्ण गेली. ती मिळवून देऊ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

नवरा अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) उत्तरेच्या सैन्यात होता का, हे आम्ही आधी विचारतो. १८६२ च्या कायद्याने युद्धात मरण पावलेल्या सैनिकाच्या विधवेला पेन्शन मिळे, आणि त्यासाठी तिला लग्न सिद्ध करावे लागे. म्हणून त्या फायलींत पाद्र्याचा दाखला, लग्नाला हजर असलेल्यांची प्रतिज्ञापत्रे, सुईणीने शपथेवर सांगितलेल्या मुलांच्या जन्मतारखा, कधी घरातल्या जन्म-लग्नांच्या नोंदी असलेले, घरच्या बायबलमधून फाडलेले पानही असते. विधवेने पुन्हा लग्न केले की पेन्शन बंद होई आणि सोळा वर्षांखालील मुलांच्या कायदेशीर पालकाला वेगळा अर्ज करावा लागे. नवऱ्याच्या नावाबरोबर विधवेच्या आणि पालकाच्या अर्जाचा क्रमांकही शोधावा. बऱ्याच फायली अजून ऑनलाइन नाहीत, वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवाव्या लागतात.

दक्षिणेकडच्या राज्यांत लग्नाच्या जामीनपत्रावर (लग्नाला कायदेशीर अडथळा नसल्याच्या हमीवर) सही करणारा बहुधा मुलीचा बाप किंवा भाऊ असे. बापाच्या मृत्युपत्रात ‘माझी मुलगी मेरी, अमक्याची बायको’ असे स्पष्ट सापडते. एखाद्या मुलाचे मधले नाव आडनावासारखे वाटले, तर तेच आजोळचे आडनाव असू शकते. नावांतही फसगत होते: पॉली म्हणजे मेरी, पॅट्सी म्हणजे मार्था, सॅली म्हणजे सारा.

गुलामगिरीत जन्मलेल्या बाईचे नाव सहसा १८७० च्या जनगणनेतच प्रथम येते. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाच्या नावाखाली नुसते वय, लिंग आणि वर्ण असे. तिथे मालकाच्या वारसाहक्काचे कागद आणि मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या फ्रीडमेन्स बँकेची खाती (१८६५ ते १८७४) पाहावी लागतात.

महाराष्ट्रात आलेल्या मिशनरी बायकांचे काम त्या मानाने सोपे. १८२७ मध्ये मुंबईला आलेल्या आणि पुढे अहमदनगरला १८६२ मध्ये वारलेल्या सिंथिया फरार अविवाहित होत्या, म्हणून आडनावाचा प्रश्नच नाही. त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेची कागदपत्रे हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत.

आम्हाला नवऱ्याचे पूर्ण नाव, एक तरी काउंटी (राज्यातला जिल्हा) आणि काळाचा दहा वर्षांच्या आतला अंदाज द्यावा. थडग्याचा फोटो असल्यास वयाचा आकडा दिसेल असा पाठवावा: ‘मृत्यू १२ मार्च १८७१, वय ४८ वर्षे ५ महिने २० दिवस’ यावरून जन्म २२ सप्टेंबर १८२२ च्या आसपास येतो. बायबलच्या नोंदींबरोबर त्याच्या आतल्या शीर्षकपानाचाही फोटो हवा. छपाईचे साल १८६० आणि पहिली नोंद १८४५ ची असेल, तर ती मागाहून आठवून लिहिलेली आहे. मूळ कागद टपालाने पाठवू नयेत.